एडीसी १२ उर्फ ३८३ उर्फ वायएल ११३

ओतकामाच्या अ‍ॅल्युमिनियमला नावांची कधी ददात पडत नाही. एकाच इनगॉटला जपानी कागद एडीसी १२ म्हणतो, अमेरिकन ड्रॉइंग ३८३ म्हणते, चिनी सप्लायर वायएल ११३ म्हणतो, युरोपातला ग्राहक ४६१०० मागतो आणि भोसरीतला जुना फोरमन विचारतो, "म्हणजे आपलं एलएम २४ च ना?" या सगळ्यांच्या मनात एकच धातू आहे, अशी सर्वत्र समजूत असते आणि ती एका तक्त्यावर उभी असते. तक्त्यात वरच्या ओळीत देश असतात आणि खाली एका आडव्या रांगेत जे जे बसले ते ते समतुल्य. हा तक्ता मुळात कोणी केला हे विचारण्याची पद्धत नाही. तो झेरॉक्सची झेरॉक्स होत होत आलेला असतो; हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो, त्यामुळे कडेच्या टिपा कापल्या गेलेल्या असतात. नेमके त्या टिपांतच सगळे असते.

या नावांची गर्दी पाहायची तर न्हावा शेव्याला पाहावी. इथे आत येणारे इनगॉट, आत येणारे भंगार आणि बाहेर जाणारी कास्टिंग्ज एकमेकांना ओलांडून जातात. बंदराला स्वतःलाही अनेक नावांची सवय आहे. उरणजवळची न्हावा आणि शेवा ही दोन गावे. तिथे २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले बंदर सरकारदरबारी जवाहरलाल नेहरूंचे, बोलण्यात जेएनपीटी, २०२१ च्या कायद्यानंतर जेएनपीए आणि जहाजाच्या कागदपत्रांवर आयएनएनएसए१. यांपैकी कोणतेही नाव लिहिले तरी कंटेनर तिथेच उतरतो. धातूचेही असेच असणार, असे आयातदाराला वाटू लागते ते बहुधा इथेच.

कस्टमचा त्याला पाठिंबाच असतो. सीमाशुल्काच्या तालिकेत ७६०१ या शीर्षकाखाली ओबडधोबड, म्हणजे अजून घडवलेले नाही असे अ‍ॅल्युमिनियम येते. त्यात वजनाने ९९ टक्के किंवा जास्त अ‍ॅल्युमिनियम असेल तर ७६०१ १०, आणि मिश्रधातू असेल तर ७६०१ २०. सिलिकॉन सात टक्के की बारा, तांबे आहे की नाही, याच्याशी या ओळीला कर्तव्य नाही. लंडनच्या मेटल एक्स्चेंजने तर १९९२ मध्येच प्रश्न निकालात काढला. तिथल्या अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅलॉयच्या करारात अमेरिकन ए३८०.१, जर्मन २२६ आणि जपानी डी१२एस यांतले कोणतेही दिले तरी सौदा पुरा होई. पैशाच्या हिशेबात तिघे सारखे, हे ठरवायला व्यापाऱ्यांना एक करार पुरला. भट्टीला त्या कराराची प्रत कोणी दिलेली नाही.

महाराष्ट्रात ही नावे आली ती गाड्यांबरोबर. महिंद्रची विलिस जीप अमेरिकन, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट इटालियन, बजाजची व्हेस्पाही इटालियन, बजाज टेम्पोची तीनचाकी जर्मन. पुढे ऐंशीच्या दशकात कावासाकी आणि होंडा आल्या. प्रत्येक पाहुण्याने आपापली ड्रॉइंग आणली आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आपल्या घरचे मटेरियल आणले. या सगळ्यांच्या जोडीला इंग्रजांचे बीएस १४९० इथे मुक्कामाला होते. एलएम २, एलएम ४, एलएम ६, एलएम २५ ही सगळी त्याचीच प्रजा. इंग्लंडने १९९८ मध्ये युरोपचे ईएन १७०६ स्वीकारून बीएस १४९० मोडीत काढले. तळोजा, भोसरी आणि वाळूजच्या एमआयडीसीत ही बातमी पोहोचली असेलही, पण कोणी मनावर घेतलेली नाही. भारताचे स्वतःचे आयएस ६१७ आहे. त्यात एलएम ६ च्या जागी ४६०० आणि एलएम २५ च्या जागी ४४५० असे आकडे आहेत. टेंडरात ते शोभून दिसतात. शॉपफ्लोअरवर कोणी ४४५० मागितले तर स्टोअरवाला तो पार्ट नंबर समजून रॅक धुंडाळायला लागेल.

आकडे लिहिण्याचीही प्रत्येकाची तऱ्हा आहे. अमेरिकनांचा भर दशांशावर. ३५६.० म्हणजे ओतलेली वस्तू, ३५६.१ म्हणजे ती ओतण्यासाठीचा इनगॉट आणि ३५६.२ म्हणजे आणखी कडक मर्यादांचा इनगॉट. मागे पुढे अक्षर आले की प्रकृतीच बदलते. ३५६ मध्ये लोखंड ०.६ टक्क्यापर्यंत चालते, ए३५६ मध्ये ०.२० च्या वर नाही. टाइप करताना एक ए गळाला तर लोखंडाची मुभा तिप्पट होते आणि स्पेलचेक त्याखाली लाल रेघही ओढत नाही. युरोपीय पाच आकडे लिहितात आणि त्यांपुढे रासायनिक नावही देतात, म्हणजे दोन ठिकाणी चुकता येते. जर्मन कारखान्यात तेवढाही धीर नाही. तिथे एएलएसआय-नऊ-सीयू-तीन म्हणण्याऐवजी नुसते २२६ म्हणतात. रशियन मानकात पूर्वीचे एएल २ पुढे एके १२ झाले, त्यामुळे जुने पुस्तक आणि नवे प्रमाणपत्र एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

आता तक्त्यातली सर्वांत लाडकी रांग जवळून पाहू: एडीसी १२, ए३८०, एलएम २४. भारतात ही तिन्ही नावे एका दमात घेतली जातात. जपानी एडीसी १२ ला सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के लागते. अमेरिकन ए३८० ला ७.५ ते ९.५ लागते. एलएम २४ लाही ७.५ ते ९.५ च. म्हणजे एकाचा कमाल आकडा जिथे संपतो त्याच्या एक दशांश टक्का पुढे दुसऱ्याचा किमान आकडा सुरू होतो. एकच वितळलेला रस एकाच वेळी एडीसी १२ आणि ए३८० असणे अशक्य आहे, मग तो कोणत्याही भट्टीत, कोणत्याही मुहूर्तावर वितळवा. मानके लिहिणाऱ्या दोन समित्यांनी ठरवूनही इतकी नेमकी फारकत साधली नसती. तरीही रांग तशीच आहे, आणि तिच्या जोरावर वर्षानुवर्षे माल खपतो, कारण बहुतेक कव्हरांना आणि ब्रॅकेटांना साडेनऊच्या अलीकडे की पलीकडे याने फरक पडत नाही. पडतो तेव्हा मात्र ग्राहकाला मोजमाप आठवते.

एडीसी १२ चा खरा जोडीदार ३८३. तिथेही पत्रिका पूर्ण जुळत नाही. लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जमले की बोलणी पुढे सरकतात. इथे नऊ मूलद्रव्ये जमली आणि दहावे बिनसले तरी माल नापास. सिलिकॉन जमते, तांबे बऱ्यापैकी जमते, लोखंड दोघांनाही १.३ पर्यंत चालते. मग मॅग्नेशियम आडवे येते. एडीसी १२ ला ते ०.३ टक्क्यापर्यंत चालते, ३८३ ला ०.१० च्या वर खपत नाही. उलट जस्ताच्या बाबतीत ३८३ उदार आहे, तीन टक्क्यांपर्यंत. एडीसी १२ एक टक्क्यावर हात आखडते. म्हणजे एडीसी १२ च्या जागी ३८३ द्यावे तर जस्तावर अडते आणि ३८३ च्या जागी एडीसी १२ द्यावे तर मॅग्नेशियमवर. दोघांनाही पुरे पडेल असा रस हवा तर सिलिकॉन ९.६ ते ११.५, तांबे २ ते ३, जस्त १ च्या आत, मॅग्नेशियम ०.१० च्या आत, निकेल ०.३ च्या आत आणि कथिल ०.१५ च्या आत ठेवावे लागते. असा रस होतो. फक्त तो स्वस्त नसतो, आणि समतुल्य शोधण्यामागचा मूळ हेतू अनेकदा तोच असतो.

यात युरोपचा ४६००० हा मोठा मनमिळाऊ गडी आहे. त्याचे सिलिकॉन ८ ते ११, त्यामुळे तो खाली ए३८० शी आणि वर एडीसी १२ शी, दोघांशीही संबंध राखून असतो. इथूनच खरेदी खात्याचे तर्कशास्त्र जन्म घेते. ए३८० म्हणजे ४६०००, ४६००० म्हणजे एडीसी १२, म्हणून ए३८० म्हणजे एडीसी १२. भूमितीत हे चालते. तीन ईमेलांच्या साखळीत तर फारच चालते, कारण पहिल्या ईमेलमध्ये 'साधारणपणे' हा शब्द असतो, दुसऱ्यात तो गळतो आणि तिसऱ्यात खाली सही येते.

वरच्या मर्यादा अशा वेगवेगळ्या का, याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा भंगारात लवकर सापडते. डाय कास्टिंगचे हे मिश्रधातू बहुतेक भंगार वितळवून करतात. जुन्या मोटारीतले इंजिनचे तुकडे, त्यांना चिकटलेले स्क्रू, मधूनच जस्ताचे कार्ब्युरेटर आणि हँडल, हे सगळे भट्टीत जाते. ज्याच्या दारात जस्ताचे भंगार जास्त, त्याच्या मानकात जस्ताला जागा जास्त. जपानी मंडळींनी तर जस्तवाल्यांसाठी एडीसी १२ झेड असे वेगळेच नाव काढून तीन टक्क्यांची सोय करून ठेवली आहे. न्हावा शेव्याला या भंगाराचे कंटेनर येतात तेव्हा त्यांची नावे धातूंपेक्षा रंजक असतात. अमेरिकन भंगारवाल्यांच्या संघटनेने ठरवलेली ही सांकेतिक नावे: टेंट टेबर, टेन्स, ट्रोमा, झोर्बा, ट्विच. टेन्स म्हणजे मिश्र कास्टिंग्जचे तुकडे, ट्रोमा म्हणजे गाड्यांची चाके. झोर्बा म्हणजे गाड्या श्रेडरमध्ये घालून लोखंड बाजूला काढल्यावर उरलेला, बहुतांश अ‍ॅल्युमिनियमचा चुरा. आणि झोर्बातून जड धातू वेगळे केले की उरते ते ट्विच. अशा भंगारासोबत सामान्यतः जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला लागतो. त्यात काडतुसे, दारूगोळा आणि किरणोत्सर्ग नाही एवढे लिहिलेले असते. कथिल किती आणि शिसे किती, हे ज्याने त्याने आपापल्या भट्टीत शोधायचे.

लोखंडाचे वागणे सर्वांत दुटप्पी. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये रसात पुरेसे लोखंड नसेल तर तो पोलादी डायलाच चिकटून बसतो आणि कास्टिंग सोलून काढायची वेळ येते. म्हणून तिथे ०.८ ते १ टक्का लोखंड कोणी दोष मानत नाही. तेच लोखंड ग्रॅव्हिटी कास्टिंगमध्ये सुईसारखे स्फटिक करून बसते आणि सुया जिथे असतात तिथून तुकडा मोडतो. मॅंगनीज घातले तर सुया बोथट होतात. पण लोखंड, मॅंगनीज आणि क्रोमियम मिळून होल्डिंग भट्टीच्या तळाशी जड गाळ धरतात. त्याचा हिशेब लोखंड अधिक दुप्पट मॅंगनीज अधिक तिप्पट क्रोमियम असा मांडतात. हा गाळ कास्टिंगमध्ये गेला की मशीन शॉपमध्ये ड्रिल तुटते आणि ड्रिल तुटले की पहिला संशय ऑपरेटरवर जातो. तक्त्यात गाळाचा रकाना नसतो.

म्हणूनच एलएम २५ आणि ए३५६ या जोडीकडे जरा निरखून पाहावे. सिलिकॉन दोघांचेही ६.५ ते ७.५. पण एलएम २५ ला लोखंड ०.५ पर्यंत चालते, ए३५६ ला ०.२०. चाकासारख्या, माणसाचा जीव ज्यावर असतो अशा भागासाठी ए३५६ मागितले आणि रांगेत शेजारी आहे म्हणून एलएम २५ दिले, तर रसायनाच्या अहवालात अडीचपट लोखंड दिसते. शिवाय लोखंड ही एकदा आत शिरली की न निघणारी गोष्ट आहे. सिलिकॉन कमी पडले तर घालता येते, तांबे घालता येते, मॅग्नेशियम घालता येते आणि जास्त झाले तर फ्लक्सने कमीही करता येते. लोखंड आणि जस्त यांवर भट्टीपाशी एकच उपाय आहे: शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ओतून पातळ करत राहणे. तो उपाय लागू पडतो; त्यानंतर मालकाला औषधाची गरज लागते. त्यामुळे कडक मर्यादांचा माल सैल मर्यादांच्या जागी जातो, उलटे सहसा जमत नाही. आणि बाजारात जो स्वस्तात मिळतो तो नेमका सैल मर्यादांचा असतो.

एलएम ६ ची गोष्ट समुद्राशी जोडलेली आहे, म्हणून उरणच्या खाडीकाठी ती सांगितलीच पाहिजे. १० ते १३ टक्के सिलिकॉनचा हा साधा मिश्रधातू. अशा धातूला चिमूटभर सोडियमने वठणीवर आणण्याची युक्ती १९२० च्या सुमारास अलादार पाक्झ या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन संशोधकाने काढली. त्याआधी तो ठिसूळ म्हणून ओवाळून टाकलेला होता. एलएम ६ ची ख्याती खाऱ्या हवेत टिकण्याबद्दल आहे आणि ती तांबे ०.१ टक्क्याच्या आत ठेवल्यामुळे आहे. तक्त्यात त्याच्या शेजारी अमेरिकन ए४१३ बसवलेला असतो. सिलिकॉन जवळपास तेच, प्रवाह तसाच छान. तांबे मात्र एक टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे दहापट. एअर कंडिशन्ड ऑफिसातल्या यंत्राच्या झाकणाला याचे काही नाही. धक्क्यावरच्या दिव्याच्या घराला मात्र आहे, आणि ते घर आतून झिजायला लागेपर्यंत पर्चेस मॅनेजरची बदली झालेली असते. एलएम ६ चे खरे भावबंद युरोपात, ४४१०० च्या घरी. तांब्याबद्दल तेही जवळपास तितकेच कडक आहेत.

रसायन जुळले की अवस्थांचा घोळ सुरू होतो. अमेरिकन पद्धतीत एफ म्हणजे जसे ओतले तसेच, काहीही उष्णतासंस्कार न केलेले. टी४ म्हणजे तापवून विझवलेले, टी५ म्हणजे फक्त जिरवलेले आणि टी६ म्हणजे तापवून, विझवून मग जिरवलेले. जुन्या ब्रिटिश पद्धतीत न केलेल्याला एम, टी४ ला टीबी, टी५ ला टीई आणि टी६ ला टीएफ. म्हणजे अमेरिकन एफ ला काहीच केलेले नसते आणि ब्रिटिश टीएफ ला सगळे केलेले असते. मधला टी पुसट छापला गेला तर कास्टिंग भट्टीत न जाताच ग्राहकाकडे जाते. एलएम १० हा दहा टक्के मॅग्नेशियमचा मिश्रधातू तर टीबी अवस्थेतच वापरतात. त्यामुळे जुन्या फाइलींत 'एलएम १० - टीबी' अशी नोंद दिसते, ती वैद्यकीय रजेची नसते.

ताकदीच्या आकड्यांबद्दल थोडेच. डाय कास्टिंगच्या मानकांत ताणबलाचे आकडे बहुधा माहितीपुरते दिलेले असतात, कारण प्रत्यक्ष तुकड्याची ताकद जाडी, गेट आणि आत अडकलेल्या हवेवर ठरते. स्वतंत्र ओतलेल्या चाचणीच्या दांडीने जे वचन दिले ते कास्टिंगच्या कोपऱ्याने पाळलेच पाहिजे असे नाही. दोन देशांच्या दांड्याही एका मापाच्या नसतात. तक्ते मात्र हे आकडे एकमेकांसमोर ठेवतात.

निवाडा होतो तो स्पेक्ट्रोवर. इनगॉटचा किंवा साच्यात ओतलेल्या नमुन्याचा तुकडा लेथवर सपाट करून आर्गनखाली ठेवतात, ठिणगी पडते, निळसर करडा डाग उमटतो. असे तीन डाग, मग सरासरी. प्रिंटरमधून पट्टी येते आणि सगळ्यांच्या नजरा एकाच ओळीवर जातात. समजा मॅग्नेशियम ०.१२ आले आणि ड्रॉइंगवर मर्यादा ०.१०. लगेच चौथा डाग घ्यायला सांगतात. तो ०.११ आला तर पाचवा. तेवढ्यात सप्लायरचा माणूस फोनवर असतो: "साहेब, तेच आहे हो, नाव वेगळं आहे फक्त." इकडे द्रोणागिरीच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात ग्राउंड रेंट चढत असतो. अनुभव असा की, दोन मिश्रधातू समतुल्य ठरण्याचा वेग ग्राउंड रेंटच्या सम प्रमाणात वाढतो. पहिल्या आठवड्यात जे एडीसी १२ ए३८० च्या जागी अजिबात चालणार नव्हते, ते तिसऱ्या आठवड्यात 'फंक्शनली अ‍ॅक्सेप्टेबल' असते.

रीतसर मार्ग आहे, आणि तो लांबही नाही. आधी तुकडा काय काम करणार ते पाहायचे: दाब सोसायचा, खारी हवा सोसायची, उष्णता सोसायची की नुसते झाकण व्हायचे. मग दोन्ही मानकांची मूळ पाने उघडायची, तक्ता नव्हे. इनगॉटची मर्यादा इनगॉटशी आणि कास्टिंगची कास्टिंगशी लावायची, कारण वितळवताना मॅग्नेशियम जळून जाते आणि लोखंड वाढते. दोन्ही मर्यादांचा सामाईक पट्टा काढायचा. पट्टा निघत नसेल, तर समतुल्य नाही असे ग्राहकाला लिहून त्याच्याकडून डेव्हिएशन नोटवर सही घ्यायची. अमेरिकन पद्धतीत शिशासारखे पदार्थ अनेकदा वेगळे न सांगता 'इतर, एकूण' या रकान्यात ढकललेले असतात; ब्रिटिश आणि युरोपीय मानकांत त्यांना स्वतंत्र ओळ असते. युरोपला जाणाऱ्या मालासाठी तेवढा रकाना आवर्जून वाचायचा. ड्रॉइंगच्या चौकटीत 'ऑर इक्विव्हॅलंट' असे लिहिलेले असेल तर ते कोणी ठरवायचे, हे ऑर्डर घेण्यापूर्वीच विचारून घ्यायचे. ऑर्डर घेतल्यानंतर ते ठरवण्याचा मान ग्राहकाकडे आणि खर्च सप्लायरकडे जातो.

हे सगळे पर्चेस ऑर्डरवर उतरवायचे म्हणजे मानकाचा क्रमांक, त्याचे वर्ष, इनगॉट की कास्टिंग, अवस्था आणि आपल्या मर्यादा, अशा पाच ओळी होतात. सॉफ्टवेअरमध्ये वर्णनाच्या रकान्यात तेवढी जागा असते. प्रत्यक्षात तिथे बहुतेक वेळा 'मटेरियल अ‍ॅज पर लास्ट सप्लाय' एवढेच लिहिलेले आढळते.